मीटिंग कुठे भरते?

ह्या विकांताचा विषय जरा वेगळा आहे. नेहमीसारखे किल्ले नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आज एका फोनचा इतिहास आहे. म्हणजे यंत्राचा नाही, एका माणसाने शनिवारी संध्याकाळी केलेल्या फोनाफोनीचा.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचा बार कुठे आहे? सांगता येईल ना? न पिणाऱ्यालाही येईल, कारण लाल-निळ्या दिव्यांची पाटीच असते. आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळची, दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते? शंभरातल्या नव्वद जणांना उत्तर येणार नाही. पण ती भरते. बऱ्याचदा त्या बारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शाळेच्या एखाद्या वर्गात किंवा चर्चच्या मागच्या खोलीत. पाटी मात्र नसते.

हे असं का, आणि पाटी नसलेली ही गोष्ट नव्वद वर्षं कशी टिकली, हा आजचा विषय.

आपण मराठी माणसं ह्या बाबतीत फार सोवळी आहोत असं नाही. आपल्या रंगभूमीवरचं एक अतिशय गाजलेलं नाटक दारूवर आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं. त्यातला सुधाकर हुशार वकील. तो मध्येच दारू सोडण्याची शपथ घेतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. गंमत म्हणजे त्या नाटकात एक मंडळ आहे, तळीरामाचं आर्यमदिरामंडळ. पिणाऱ्यांचं मंडळ आहे, सोडणाऱ्यांचं मात्र नाही. सुधाकर सोडायला निघतो तेव्हा एकटा असतो. घरी सिंधू आहे, सासर आहे, जिवाभावाचे लोक आहेत, पण ह्या वाटेने आधी जाऊन आलेला एकही माणूस आजूबाजूला नाही. गडकऱ्यांचा दोष नाही. आज आपल्याला माहीत असलेलं असं मंडळ १९१९ साली नव्हतं. ते सुरू व्हायला अजून सोळा वर्षं होती.

तर आता अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन. हे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळे इथलेच. साल १९३५. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती, ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. १९२९ च्या मंदीने लोकांची कंबर मोडलेली. दारू पुन्हा उघड मिळायला लागली होती, आणि दारुड्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. बरीच इस्पितळं असे रुग्ण घेतच नसत. पैसेवाल्यांसाठी खासगी दवाखाने, बाकीच्यांसाठी पोलीस कोठडी किंवा वेड्यांचं इस्पितळ.

११ मे १९३५, शनिवार. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा एकोणचाळीस वर्षांचा माणूस येरझारा घालत होता. न्यूयॉर्कचा. वॉल स्ट्रीटवर कंपन्यांचा अभ्यास करून शेअर सुचवणारा, आजच्या भाषेत अ‍ॅनालिस्ट. दारूपायी करिअरची पूर्ण वाट लागलेली. मॅनहॅटनच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये चार वेळा भरती होऊन आलेला. शेवटची भरती डिसेंबर १९३४ ची, आणि त्यानंतरचे पाच महिने तो प्यायला नव्हता.

अ‍ॅक्रनला तो एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या लढतीसाठी आला होता. लढत हरले. सोबतचे लोक परत गेले. खिशात जेमतेम दहा डॉलर. लॉबीच्या एका टोकाला बार, आतून हसण्याचे आवाज येताहेत. आपल्यापैकी ज्यांनी क्लायंटच्या गावात, हॉटेलात, प्रोजेक्ट हातचं गेल्यावरची शनिवार संध्याकाळ काढली आहे, त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

लॉबीच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चेसची यादी लावलेली होती. विल्सनने यादीतलं एक नाव निवडलं, रेव्हरंड वॉल्टर टंक्स, आणि फोन लावला. विनंती विचित्र होती. मला दारू सोडायची आहे, मदत करा, असं तो म्हणत नव्हता. तो म्हणत होता की मला बोलायला एक दारुडा हवाय!

हे काय खूळ? त्यामागे पाच महिन्यांचा अनुभव होता. न्यूयॉर्कमध्ये तो दारुड्यांना गाठून सुधारायला बघत होता. त्यातला एकही सुधारला नाही. पण विल्सनच्या लक्षात एक गोष्ट आली. ते सुधारले नाहीत हे खरं, पण त्या काळात तो स्वतः प्यायला नव्हता. म्हणजे समोरच्याला फायदा होवो न होवो, बोलणाऱ्याला होत होता. त्या संध्याकाळी त्याला स्वतःला वाचवायचं होतं, आणि त्यासाठी त्याला दुसरा दारुडा लागत होता.

टंक्सने काही नावं दिली. एकेक फोन सुरू झाला. कोणी घरी नाही, कोणाला वेळ नाही. त्या साखळीतून शेवटी एका बाईंपर्यंत फोन पोहोचला. हेन्रिएटा सायबर्लिंग, गुडइयरच्या संस्थापकांची सून. त्या स्वतः पिणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्यांच्या ओळखीतला एक डॉक्टर दारूने बुडत चालला होता आणि त्या त्याच्या काळजीत होत्या. त्यांनी विल्सनला सरळ या म्हणून सांगितलं.

ते डॉक्टर म्हणजे बॉब स्मिथ. वय पंचावन्न, पेशाने सर्जन. त्या शनिवारी ते येऊ शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मदर्स डे होता, म्हणून बायकोसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले होते आणि टेबलाखाली आडवे झाले होते. रविवारी संध्याकाळी पाचला आले ते बजावूनच की पंधरा मिनिटं थांबेन. ते निघाले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.

सहा तास काय बोलले असतील? विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. टाउन्स हॉस्पिटलच्या डॉ. सिल्कवर्थने त्याला आधीच बजावलं होतं की प्रवचन बंद कर. तेव्हा त्याने फक्त स्वतःची हकिकत सांगितली. किती प्यायलो, काय काय घालवलं, किती वेळा सोडली आणि परत कशी धरली. दारू वाईट हे डॉक्टरांना डॉक्टर असल्यामुळे आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण हे सगळं स्वतः भोगलेला आणि आता न पिणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

हिंदी सिनेमात इथे संगीत वाजलं असतं आणि पाटी आली असती. प्रत्यक्षात महिनाभरात डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि झिंगून परत आले. दोन-तीन दिवसांवर एक ऑपरेशन होतं. हात थरथरत होते. ऑपरेशनच्या सकाळी विल्सननेच त्यांना एक बिअर दिली, हात स्थिर राहावा म्हणून. ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर मग घरी न येता गावभर हिंडले, ज्यांचं ज्यांचं वाईट केलं होतं त्यांना भेटत. ती बिअर त्यांच्या आयुष्यातली शेवटची. तारीख १० जून १९३५ मानतात. (त्या परिषदेच्या तारखा बघता हा दिवस आठवडाभर पुढचा असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. आम्हा इंजिनिअरांना अशा गोष्टी खटकतात, पण अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला वाढदिवस १० जूनलाच धरते.)

पुढे दोघं तिसऱ्याच्या शोधात निघाले. अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारलं, एखादा दारुडा आहे का? होता. पलंगाला बांधून ठेवलेला, कारण त्याने नर्सना मारलं होतं. आणि तो कोण होता माहितीये? वकील! सुधाकरची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की ह्या वकिलाच्या खाटेपाशी दोन माणसं येऊन बसली. उपदेश करायला नव्हे, आपापली गोष्ट सांगायला. तो काही दिवसांत बाहेर पडला आणि पुन्हा प्यायला नाही.

आता 'मीटिंग कुठे भरते' हा प्रश्न बघा. १९३५ मध्ये त्याचं उत्तर होतं, अ‍ॅक्रनमध्ये डॉक्टरांच्या आणि मित्रमंडळींच्या घरी, आणि न्यूयॉर्कमध्ये विल्सनच्या ब्रुकलिनच्या घरी. संपलं. ओळखीतून कळलं तर कळलं. १९३९ च्या वसंतात त्यांनी एक पुस्तक काढलं, त्याच्याच नावावरून संघटनेला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे नाव मिळालं. तेव्हा जगभरातले सगळे सभासद मिळून शंभरच्या आसपास. पुस्तकात भेटायचा पत्ता नव्हता, न्यूयॉर्कच्या पोस्टातली एक पेटी होती, क्रमांक ६५८. नाव गुप्त का, ह्याचं कारण पुस्तकात अगदी व्यवहारी दिलं आहे. आम्ही मूठभर आहोत, बहुतेक नोकरी-धंदा करणारे, सगळ्यांना आमचे पत्ते कळले तर झेपणार नाही.

तरी लोक शोधत येतच होते. क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' दैनिकात १९३९ च्या शेवटी लेखमाला आली आणि तिथल्या विसेक सभासदांवर शेकडो फोन येऊन आदळले. मग काल आलेल्या माणसाने आज आलेल्याला सांभाळायचं अशी पद्धत पडली. १ मार्च १९४१ ला 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' ह्या लाखो खपाच्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडरचा लेख आला. हा पत्रकार खरं तर ह्यांचं पितळ उघडं पाडायच्या तयारीने गेला होता आणि बघून परतला तो बाजू घेऊनच. वर्षाच्या सुरुवातीला दोन हजार असलेले सभासद वर्षाअखेर आठ हजार झाले.

हजारो पत्रं आली. बरीचशी बायकांची, नवऱ्यासाठी लिहिलेली. न्यूयॉर्कच्या कचेरीत रूथ हॉक नावाची सेक्रेटरी होती, ती पत्रांना उत्तरं देई. पण टेक्सासच्या कुठल्या गावातून पत्र आलं आणि तिथे मीटिंगच नसेल तर? तर सभासदांमध्ये फिरते विक्रेते बरेच होते. तुझ्या दौऱ्यावर अमुक गावात अमुक माणूस आहे, जाऊन भेट, अशा याद्या त्यांना दिल्या जात. माल विकायला गेलेला माणूस संध्याकाळी एका अनोळखी दारावर टकटक करायचा. अशी कित्येक गावांत मीटिंग सुरू झाली. समुद्रावरच्या खलाशांसाठी आणि एकट्या पडलेल्यांसाठी तर पुढे पत्रांतूनच मीटिंग चालायची. लिहायचं, वाचायचं, पुढे धाडायचं. आपण ज्याला ऑनलाइन म्हणतो त्याची ही आजी.

त्या काळातला आणखी एक किस्सा मला फार आवडतो. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया नावाच्या नन भरती विभाग सांभाळत. दारुड्याला भरती करायला परवानगी मिळणं अवघड. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. बॉबच्या सांगण्यावरून त्यांनी एकाला घेतलं आणि कागदावर निदान लिहिलं, पोटाला तीव्र सूज. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ह्याला भेटायला लोक येणार, वेगळी खोली द्या. खोली नव्हती. मग रुग्णांना आलेली फुलं जिथे फुलदाणीत लावत, त्या खोलीत त्याची खाट सरकवली गेली. पुढे त्या वॉर्डातून हजारो माणसं गेली.

आता माझ्यातल्या इंजिनिअरला छळणारा प्रश्न. दारुड्यांनी दारुड्यांना मदत करायची ही कल्पना १९३५ मध्ये पहिल्यांदा सुचली असं नाही. १८४० मध्ये बॉल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून सोडायची शपथ घेतली. वॉशिंग्टोनियन्स म्हणून ती चळवळ ओळखली जाते. तीच पद्धत, उभं राहून आपली कहाणी सांगायची. वणव्यासारखी पसरली, सभासद लाखांत गेले. २२ फेब्रुवारी १८४२ ला स्प्रिंगफील्डमध्ये त्यांच्या सभेत अब्राहम लिंकनचं भाषण झालं. आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत चळवळ जवळपास नाहीशी झाली. दारूबंदीच्या राजकारणात ओढले गेले, मोठे वक्ते आले, मोर्चे निघाले, भांडणं झाली, आणि मूळ काम, म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, ते राहून गेलं.

एएच्या लोकांनी हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवलं. १९४६ मध्ये विल्सनने बारा परंपरा मांडल्या आणि जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. 'बारा पायऱ्या' सगळ्यांना ऐकून माहीत असतात, त्या माणसासाठी. बारा परंपरा संघटनेसाठी. माझ्या मते खरी कमाल ह्या दुसऱ्या यादीत आहे. सिस्टिम डिझाइनचा धडा म्हणून वाचण्यासारखी आहे.

थोडक्यात सांगतो. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. फी नाही. प्रत्येक समूह स्वतंत्र, कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. बाहेरच्याकडून देणगी घ्यायची नाही. मालमत्ता, पैसा आणि नावलौकिकाच्या फंदात पडायचं नाही. बाहेरच्या कुठल्याही वादात मत द्यायचं नाही, दारूबंदीच्या सुद्धा. वर्तमानपत्रात सभासद म्हणून नाव-फोटो द्यायचा नाही.

म्हणजे काय, तर कुठेही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नाही! सर्व्हर नाही, तर सर्व्हर बंद पडणार कसा? नेताच नाही, तर त्याच्या भानगडीने संघटना बदनाम होणार कशी? स्वतः विल्सनही काही देवमाणूस नव्हता. दारू सोडली पण सिगरेट फार उशिरा सुटली, आणि फुप्फुसांच्या आजारानेच १९७१ मध्ये गेला. डॉ. बॉब त्याआधी १९५० मध्ये गेले. दोघं गेले, मीटिंगा चालू राहिल्या. आणि फोर्क म्हणाल तर तेही झाले. घरच्यांसाठी अल-अनॉन १९५१ मध्ये, ड्रग्जसाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस १९५३ मध्ये. कोणी कोर्टात गेलं नाही.

हे शहाणपण सहज आलेलं नाही. सुरुवातीला प्रत्येक समूहाने सभासदत्वाचे आपापले नियम केले होते. न्यूयॉर्कच्या कचेरीने ते सगळे मागवून एकत्र केले, तेव्हा लक्षात आलं की सगळे नियम सगळीकडे लावले तर जगातला एकही दारुडा आत येऊ शकणार नाही. रॉकफेलरकडे मोठ्या देणगीची आशा होती. त्याने थोडीशी मदत केली आणि सांगितलं की जास्त पैसा ह्याला बिघडवेल. तेव्हा सगळ्यांची तोंडं पडली असणार. पण तो 'नाही' नसता तर बहुधा ह्याची एखादी भव्य इस्पितळ-साखळी झाली असती आणि एव्हाना बुडाली असती. (हे माझं मत.)

भारतात एए १९५७ मध्ये सुरू झालं, मुंबईत. योगायोग बघा, तेव्हा मुंबईत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू होती! म्हणजे कागदोपत्री ज्या शहरात दारूच नव्हती, तिथे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरायला लागली. कायदा बाटलीचा बंदोबस्त करतो, तहानेचा करत नाही. पुढे पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केलं. अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी पाठबळ दिलं. ते पूर्ण व्यसनमुक्ती केंद्र, एएपेक्षा वेगळी गोष्ट. पण केंद्रातून माणूस काही आठवड्यांनी घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं काय? तिथे मीटिंग लागते.

मी अशी मीटिंग एकदा पाहिली आहे. माझा एक मावसभाऊ आहे. माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. आमच्या घरात कोणी 'पितो' असं म्हणत नाहीत, 'जरा घेतो' म्हणतात. दादा जरा घ्यायचा. कॉलेजात, मग टीम आउटिंगला, मग दर शुक्रवारी, मग सोमवारीही. एका रविवारी त्याने मला विचारलं, "तू येतोस का रे? नुसता सोबत. आत नाही आलास तरी चालेल." ओपन मीटिंग होती, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं.

महापालिकेच्या शाळेचा वर्ग. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच. दादा फाटकापाशी दहा मिनिटं थांबला. मोबाइल काढ, ठेव, काढ. म्हणाला, "ओळखीचं कोणी असलं तर?" मला काहीच उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात आतून एक साठीचे काका बाहेर आले, रिक्षाचा खाकी शर्ट अंगात. त्यांनी नाव विचारलं नाही, काही विचारलं नाही. म्हणाले, "चहा झालाय, गार व्हायच्या आत या." आम्ही गेलो.

आत पंधराएक जण. रिक्षावाले काका, एक बँकेतले अधिकारी वाटणारे गृहस्थ, कॉलेजातला दिसेल असा एक मुलगा, मागे एक बाई. तिसरीच्या मुलांच्या बाकांवर कसेबसे मावलेले. एकेक जण उठून आपलं पहिलं नाव सांगायचा आणि बोलायचा. कोणी मध्ये बोलत नव्हतं. सल्ला नाही, टाळ्या नाहीत, "असं करायला हवं होतंस" नाही. तिथे काय ऐकलं ते लिहिणार नाही, कारण तिथलं तिथेच ठेवायचं असतं. एवढंच सांगतो की बँकवाले गृहस्थ आणि रिक्षावाले काका एकच गोष्ट सांगत होते, फक्त ब्रँड वेगळे. दादा त्या दिवशी बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तो तिसरा माणूस माझंच सांगत होता यार." पुढे काय झालं? ते सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं, मी नाही. ह्याचसाठी ते अ‍ॅनॉनिमस आहे.

आता तुमच्यातले काही जण विचारतील, आणि विचारायलाच हवं, की ह्याचा उपयोग होतो का? विदा काय सांगतो? बरीच वर्षं उत्तर 'नक्की सांगता येत नाही' असं होतं. ज्यांची नावंच नोंदवलेली नाहीत त्यांचा अभ्यास करणार कसा? २०२० मध्ये कॉक्रेनचा आढावा आला. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. निष्कर्ष असा की एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार पूर्ण दारू सोडण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड आहेत, आणि सलग न पिण्याच्या बाबतीत थोडे सरस. थोडे, जादू नाही. वर्षानंतर सलग न प्यायलेले साधारण ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोकांना ह्याने वा त्याने, पहिल्या फेरीत जमलं नाही. देवाचा, 'उच्च शक्ती'चा उल्लेख अनेकांना खटकतो, मलाही थोडा खटकला. तिथले लोक म्हणतात, तुला हवा तो अर्थ घे. कोणाला जमतं, कोणाला नाही. ज्यांना नाही जमत त्यांच्यासाठी डॉक्टर, समुपदेशन, औषधं हे मार्ग आहेतच, आणि दोन्ही एकत्रही चालतात.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात स्वतःच्या मनाने दारू तोडणं धोक्याचं असतं. फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर. मीटिंग ही डॉक्टरच्या जागी नाही, डॉक्टरच्या नंतरच्या आयुष्यासाठी आहे.

आपल्याकडचा खरा प्रश्न उपयोग होतो की नाही हा नाहीच. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी साधारण ३८ जणांत एकाला कधीतरी काही मदत मिळाली. उरलेले ३७ लॉबीत येरझारा घालताहेत. त्यांच्यासमोर बार आहे, आणि हल्ली टेलिफोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. यादी कुठे आहे हे मात्र माहीत नाही.

तर यादी अशी. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगा आणि मदतीचे क्रमांक मिळतात, मराठीतून चालणाऱ्या मीटिंगाही आहेत. २०२० च्या टाळेबंदीपासून ऑनलाइन मीटिंगाही भरतात, कॅमेरा बंद ठेवून बसलं तरी चालतं. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळी भरते, आणि पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जायला हरकत नाही. पहिल्यांदा जाताना बोलावं लागत नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. चहा मिळतो.

स्वतःला गरज नसेल तरी तुमच्या भागातली मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता भरते हे एकदा बघून ठेवा. ब्लड बँकेचा नंबर ठेवतो तसं. हेन्रिएटाबाई स्वतः पीत नव्हत्या. पण फोन आला तेव्हा कोणाला कोणाकडे पाठवायचं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी उद्या बघू म्हटलं नाही.

असो. बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी पुन्हा किल्ल्यांकडे वळू.